त्रेपन्न किलोचा पट्टा

घोट्याचं हाड मोडलं तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मी विचारलं, "चार आठवड्यांत नाही का होणार?" ते म्हणाले, "हाडाला विचारा." उत्तर मला आवडलं नाही, पण त्यात खोट काढता येईना.

पलूसजवळच्या एका शीतगृहात मी वजनकाट्यावर असते. शेतकरी बेदाण्याची खोकी घेऊन येतात, मी वजन करून पावती देते. बावीस वर्षं हेच करते आहे. गारठ्यानं ओल्या झालेल्या फरशीवरून घसरले, एवढीच माझ्या अपघाताची हकिगत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते नंतरचं, आणि त्यात चूक माझीच होती.

नवरा सैन्यात. तेव्हा तो लांब होता आणि त्याला रजा मिळणार नव्हती. घरात सासरे, म्हणजे आबा, एकोणीस वर्षांची लेक आणि मी. माझी खाट सोप्यात टाकली. तिथून रस्ता दिसतो, स्वयंपाकघराचं दार दिसतं आणि मोरीपर्यंतचं सगळं ऐकू येतं. पडून राहायचं माझ्या स्वभावात नाही. पहिल्या चार दिवसांत मी डाळी निवडल्या, औषधांचे डबे लावले, जुने ब्लाउज उसवले. मग काही उरलं नाही, तेव्हा खाटेवरून हुकूम सोडायला लागले. भात किती वेळ शिजतोय? दार कुणी उघडं ठेवलं? प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणकामाची सुई घालून खाजवायचं, आणि पुन्हा हुकूम.

पाचव्या दिवशी लेकीनं तिचा जुना टॅब माझ्या मांडीवर आणून ठेवला. "आई, हे घे आणि आम्हाला सोड."

त्यात कुस्तीचा एक खेळ होता. खेळणाऱ्यानं कुस्ती खेळायची नाही, आखाडा चालवायचा. तुम्ही मालक. पैलवान नेमायचे, त्यांचा सराव ठरवायचा, कोणाची कुस्ती कोणाशी ते लावायचं आणि किताब ठेवायचे. त्या खेळात किताबाला गदा नसते, कमरेचा पट्टा असतो. वजनं पौंडात होती, ती मी आधी किलोत केली. मग बायकांचाच आखाडा काढला, कारण घरात पैलवान होती ती लेकच.

ती मॅटवर खेळते, कॉलेजकडून. आदल्या वर्षी विद्यापीठाच्या संघाच्या निवडीला सत्तावन्न किलोत उतरली होती. तिथं पाटणच्या एका मुलीनं तिला अर्ध्या मिनिटात चीत केलं. घरी आल्यावर ती दोन दिवस तालमीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुढच्या वेळी त्रेपन्नात उतरणार." मला ते पटलं. सत्तावन्नात एक अडसर आहे, तर बाजूच्या रस्त्यानं जावं. चार किलो उतरवणं म्हणजे शिस्तीचं काम, आणि शिस्त माझ्याकडे भरपूर. तिच्या भाकऱ्या मी मोजून द्यायला लागले. निवड या वर्षी साताऱ्याला होती.

तालमीतला काटा बिघडलेला होता, म्हणून वस्तादांनी सांगितलं होतं, रोज सकाळी उपाशीपोटी घरी वजन करायचं आणि काट्याचा फोटो पाठवायचा. माझा पाय मोडला त्या धावपळीत आठ-दहा दिवस कुणी वजन केलं नाही. मी घरी आल्यावर काटा मोरीजवळून सोप्यात आणवला. आकडा मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवा होता. सोप्यातली फरशी शहाबादी, खडबडीत. काटा डगडगायला लागला. मी म्हटलं, "आबांचं जुनं घोंगडं चौघडी करून घाल खाली." लेकीनं घातलं. काटा हलायचा थांबला.

पहिल्याच सकाळी आकडा आला त्रेपन्न पूर्णांक तीन.

गडबडीच्या दिवसांत ती स्वतः रांधत होती आणि धड जेवत नव्हती, त्याचा हा परिणाम, असं मी गृहीत धरलं. तिनं टाळी वाजवली. मी म्हटलं, "बघ. एवढंच करायचं होतं." त्या दिवसापासून मी तिला एक भाकरी वाढवली.

खेळात सुरुवातीला मी एकच पट्टा ठेवला. वजनाची अट नाही. पंच्याण्णव किलोची एक बाई होती, तिनं सगळ्यांना ओळीनं झोपवलं आणि पट्टा काही केल्या सोडेना. बाकीच्यांची मनं खचली. खेळात मनाचीसुद्धा एक पट्टी असते, ती लाल होते. दोघी आखाडा सोडून गेल्या. मग मला सापडलं, की पट्ट्याला वजनाची खालची आणि वरची मर्यादा घालता येते.

आबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. वय ब्याऐंशी. तरुणपणी लाल मातीतले पैलवान, आणि नंतर पुष्कळ वर्षं यात्रेच्या मैदानात जोड लावणारे. त्या कामाची रीत अशी होती. पोरं मैदानाच्या कडेला बसायची. आबा एकाला उठवायचे, पाठीवरून हात फिरवायचे, मग दुसऱ्याला उठवायचे. दोघांचे हात धरून त्यांना सगळ्या मैदानातून फिरवायचं, म्हणजे लोकांनी बघावं. लोकांना पटलं तर कुस्ती, नाही पटलं तर चारी बाजूंनी ओरडा, "जोड न्हाई! जोड न्हाई!" काटा कुठंच नाही. आबांनी लावलेली जोड लोकांनी कधी मोडली नाही, असं आबाच सांगतात.

"आबा, इथं पट्ट्याला वजन घालता येतं."

"कशापायी?"

"नाहीतर ही पंच्याण्णव किलोची सगळ्यांना लोळवते."

"मंग तिच्याम्होरं तिच्यासारखी घाल. जोड बघ की. किलो काय बघतीस, जोंधळं हाय का त्ये?"

"जोड यंत्राला कशी कळणार? यंत्राला आकडा लागतो."

"मंग यंत्राला म्हणावं, मला इचार."

मी तीन गट केले. मग पाच. मग सात. सात गट केल्यावर जवळजवळ प्रत्येकीच्या कमरेला पट्टा आला. आबा चष्मा कपाळावर सरकवून टॅबकडे बघत राहिले.

"समद्यास्नीच पट्टा? मंग हरलं कोन?"

यात तथ्य होतं. मी पट्टे चारावर आणले. पन्नास, त्रेपन्न, सत्तावन्न आणि त्यावर कितीही. रेघ कुठं मारायची यावर माझं आणि आबांचं रोज वाजायचं. एक किलो इकडं सरकवला की एक चांगली पैलवान बाहेर पडते, तिकडं सरकवला की एखादी फुकट जिंकते. मी सकाळी रेघ मारायची, दुपारी पुसायची. पाय हलवता येत नव्हता, म्हणून रेघा हलवत होते.

खेळात स्वतःचे पैलवान बनवता येतात. मी आळीतल्या बायका घालायला सुरुवात केली. उंची मला माहीत होती, वजन आबा सांगायचे. माझा पाय बघायला कुणी आलं की आबा तिच्याकडे एकदा बघायचे, ती बाहेर पडली की आकडा बोलायचे. मला नुसत्या नजरेवर भरवसा ठेवायची सवय नाही. मी प्रत्येकीला काट्यावर उभी करायला लागले. लोकांना वाटलं, पडल्यामुळे माझ्या डोक्यालाही काही झालंय.

शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या, तेव्हा आबा सरळ त्यांच्या तोंडावरच बोलले, "ब्याऐंशी."

"आवं आबा, माझं वय साठ हाय!"

"वय न्हाई. वजन."

काकू रागानं काट्यावर चढल्या. शहात्तर पूर्णांक पाच. काकूंनी घोंगड्यावर उभ्या उभ्याच आबांना ऐकवलं, "बगा. काटा बगा. डोळं गेलं तुमचं आता." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी शिरा आणला आणि स्वतः दोन वाट्या खाल्ला.

असं आठ-दहा जणींचं झालं. आबा म्हणायचे पंचाहत्तर, काटा म्हणायचा सत्तर. आबा म्हणायचे साठ, काटा छप्पन. दर वेळी चार-पाच किलो जास्त. मी ठरवलं, आबांचा डोळा म्हातारा झाला. वाद नको आणि दर पाहुणीला काट्यावर चढवणंही नको, म्हणून सगळ्यांना एकच नियम लावला, आबा सांगतील त्यातून चार वजा करून खेळात आकडा घालायचा. माझ्या मते हा सोयीचा मार्ग होता.

लेकीला घातलं तेव्हा आबांना विचारलंसुद्धा नाही. काट्यावर त्रेपन्न होतंच. खेळात दहा आठवडे काही तासांत जातात, आणि दहा आठवड्यांत माझी लेक त्रेपन्नच्या पट्ट्याची मालकीण झाली. मी तिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आई, मला एवढे मोठे दंड कुठं आहेत?" पण बघून खूश झाली. पुन्हा पुन्हा बघत होती.

आबा म्हणाले, "ही सत्तावन हाय."

"आबा, रोज सकाळी मी बघते. त्रेपन्न."

"मी जन्मल्यापास्नं बघतोय. सत्तावन."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मग ती सरावाला निघून गेली. मला तेव्हाच काहीतरी टोचायला हवं होतं. टोचलंही असेल. मी सुई घेऊन प्लास्टरमध्ये घातली.

निवडीला नऊ दिवस उरले असताना आबांनी टॅबवर काकूंचा आकडा बघितला. त्यांनी ब्याऐंशी सांगितले होते, तिथं अठ्ठ्याहत्तर.

"ह्ये कुनी क्येलं?"

"मी. तुमचा अंदाज हल्ली चार किलो वर जातो, आबा. वयानं होतं तसं."

आबा उठले, काठी घेतली, पारावर जाऊन बसले. चहाला आले नाहीत. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही, पण चहा दोनदा गरम करावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसची टाकी आली. लेक ती गोल फिरवत आत नेत होती. आबांनी काठी आडवी धरली.

"थांब. ठिव काट्यावर."

"आबा, टाकी?"

"माणूस खोटं बोलतं. टाकी बोलायची न्हाई. ठिव."

तिनं टाकी उचलून काट्यावर ठेवली. आबा मला म्हणाले, "तू लिवनारी बाई. टाकीवर काय लिवलंय वाच."

कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं. लेकीनं वाचून दाखवलं, पंधरा किलो आठशे.

"आन् आत ग्यास किती?"

"चौदा दोनशे," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"तीस किलो."

काट्यावर अठ्ठावीस होते.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "गॅस कमी दिलाय."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. "ग्यासवाला चोर, म्हातारा आंधळा, आन् तुजा काटा तेवडा धुतल्या तांदळासारखा."

त्यांनी लेकीला टाकी उतरवायला लावली. वाकून घोंगडं ओढून काढलं. काट्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, म्हणजे तो डगडगणार नाही, आणि काटा उघड्या फरशीवर ठेवला. टाकी पुन्हा वर. तीस.

माझ्या कामाच्या ठिकाणी भिंतीवर पहिलाच नियम लिहिलेला आहे, काटा सपाट आणि टणक जागी असावा. तिथं काटा काँक्रीटमध्ये बसवलेला आहे, म्हणून त्या नियमाकडे बघायची वेळ कधी आली नाही. पण दुसरी गोष्ट तर मला कळायलाच हवी होती. दहा वेगवेगळी माणसं येतात आणि फरक दर वेळी एकाच बाजूला पडतो, तेव्हा खोट माणसांत नसते, काट्यात असते. शेतकऱ्यांना हे मी स्वतः समजावून सांगितलेलं आहे. घरात मात्र काट्याला सोडून सासऱ्याचा डोळा मोडीत काढला.

लेकीला कुणी उभी राहा म्हटलं नाही. तिनं टाकी बाजूला केली आणि स्वतःच चढली.

सत्तावन्न पूर्णांक दोन.

ती उतरली, परत चढली. तेवढंच. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज एक भाकरी जास्त देत होतीस."

"हो."

"आठ दिवस राहिलेत."

"मोजता येतंय मला."

खरं तर मला दुसरं काही येत नव्हतं. मी कागद घेतला. चार किलो, आठ दिवस, रोज अर्धा किलो. कागदावर ते अगदी सोपं दिसत होतं. वस्तादांना फोन केला. ते चिडले, मग म्हणाले, पोरी उतरवतात, होतं, करा. लेकीनं त्याच संध्याकाळी घाम काढायचा रबरी सूट घातला आणि कालव्याच्या रस्त्यानं पळायला गेली.

आबा म्हणाले, "ही वजन न्हाई उतरवत. पळतीया."

"पळायलाच गेलीय, आबा."

"त्या पाटनच्या पोरीपास्नं पळतीया म्हनलं."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टॅब उघडला. खेळात लेकीचं वजन त्रेपन्न होतं. खोटा आकडा डोळ्यांसमोर ठेवणं मला जमत नाही. मी तो पुसून सत्तावन्न घातला. लगेच पाटी आली. ही पैलवान या किताबासाठी पात्र नाही, किताब रिकामा करायचा का? मी 'हो' दाबलं. तेवढ्यात ती घामानं निथळत दारात उभी होती आणि तिनं बघितलं.

"काढलास पट्टा?"

"खेळातला आहे."

"मग आठ दिवस थांबली असतीस तर काय झालं असतं?"

"आज तुझं वजन त्रेपन्न नाही."

"आई, तुला ना, पावती फाडल्याशिवाय झोपच येत नाही!"

ती मोरीत गेली आणि दार आपटलं. आबा छताकडे बघत होते.

पुढचे दोन दिवस घरात कुणालाच बसवत नव्हतं. मला तर उठता येत नव्हतं, म्हणून मी बसल्या जागी अस्वस्थ. ती भाकरी खात नव्हती. पाणी तोंडात घेऊन चूळ भरायची आणि थुंकायची. माझ्यासाठी चपात्या लाटताना लाटणं हातात धरून नुसती उभी राहायची. काकूंना काट्याची बातमी कळली होती. त्यांनी दारातूनच विचारलं, "म्हंजी माजं शहात्तर न्हाई व्हय गं?" मी म्हटलं, "ब्याऐंशी." दोन दिवस डबा आला नाही.

मी खेळात तपासून बघितलं. त्या खेळात पैलवानाला वजन उतरवायला लावता येतं. लेकीला सत्तावन्नावरून आठ दिवसांत त्रेपन्नावर आणलं. दमाची पट्टी निम्म्यावर आली. तशीच तिची कुस्ती त्रेपन्नातल्या एका बेताच्या मुलीशी लावली, दहा वेळा. सात वेळा हरली. सत्तावन्नातच ठेवून तिथल्या सगळ्यांत भारी पैलवानाशी लावली, तर दहातल्या नऊ वेळा हरली. म्हणजे आकड्यांनी मला त्रेपन्नच सांगितलं. पण खेळ बनवणाऱ्यानं माझ्या पोरीचे सुकलेले ओठ बघितले नव्हते. हे आकडे मी आबांना दाखवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी उघड्या फरशीवर काटा पंचावन्न पूर्णांक एक म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. कागदातल्या हिशेबापेक्षा ती पुढं होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि काट्यावरून उतरताना तिनं भिंत धरली.

"बेदाणा होतोय तुझा," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. वजन कमी होतं ते पाणी असतं. आणि पाण्यात भिजत टाकला म्हणून बेदाण्याचं परत द्राक्ष होत नाही. फुगतो फक्त."

"आई, सकाळी सकाळी नको."

ती गेली. त्या दिवशी सरावातून लवकर परत आली. आबा पारावरून तिच्यामागोमाग आत आले. ती माझ्या खाटेच्या कडेला बसली, बूटसुद्धा काढले नाहीत.

"त्या बारक्या पोरीनं मला चार वेळा पाडलं."

"कोणती?"

"पन्नासवाली. गेल्या महिन्यात मी तिला एका हातानं धरत होते. आज हात लागले, पण त्यात काही नव्हतंच." तिनं तळवे उलटसुलट करून बघितले. "पाणी दे."

मी उशाचा तांब्या दिला. ती घटाघटा प्यायली. अंगावर सांडलं. ती तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आबा, खरं सांगा. ती पाटणची माझी जोड आहे का?"

आबा तिच्यासमोर उभे राहिले. काठी माझ्या खाटेला टेकवली. तिला उभी केली, खांद्यापासून कोपरापर्यंत हात फिरवला, मान दाबून बघितली, एक पाय पुढं घ्यायला लावला.

"गेल्या साली नव्हती. गेल्या साली मी मैदानात फिरवली असती, तर लोकांनी दगडं मारली असती."

"आणि आता?"

"आता हाय. निकालाचं मला इचारू नगंस. जोड हाय, एवडं सांगतो."

तिनं माझ्यासमोरच वस्तादांना फोन लावला. "सत्तावन्नात नाव घाला," म्हणाली. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. तिनं फोन कानापासून जरा लांब धरला, ते संपल्यावर "हो, सत्तावन्नातच" म्हणाली आणि ठेवून दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या. सवय जात नाही.

साताऱ्याला आम्ही भाड्याच्या जीपनं गेलो. डॉक्टरांनी मला नको सांगितलं होतं. मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसले, आबा पुढं, लेक माझ्या प्लास्टरजवळ आक्रसून. उंब्रजला चहाला थांबलो, तर तिनं घेतला नाही. काटा झाल्याशिवाय काही नको म्हणाली. तिचा गुडघा सारखा हलत होता. मी त्यावर माझी पिशवी ठेवली.

वजन एका कॉलेजच्या व्यायामशाळेत होतं. मुलींची रांग. मी कुबड्यांवर काट्यापर्यंत गेले आणि वाकून खाली बघितलं. वजन लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, "मावशी, काय हरवलं?"

"काही नाही. पाय बघतेय."

"तुमचा?"

"काट्याचा."

काटा सिमेंटवर होता, चारही पाय टेकलेले. लेक चढली. छप्पन्न पूर्णांक सात. तिच्यामागे तिसरी ती पाटणची. छप्पन्न नऊ. दिसायला अगदी साधी, नाकात चमकी, लेकीला म्हणाली, "तू त्रेपन्नात जाणार होतीस ना?" लेक म्हणाली, "रस्ता चुकले."

दोघींची गाठ शेवटच्या कुस्तीत पडली. मी खुर्चीवर बसायचं ठरवलं होतं, पण बसवेना. कुबड्या काखेत धरून कडेला उभी राहिले. आदल्या वर्षीची अर्ध्या मिनिटाची वेळ मला पाठ होती. ते अर्धं मिनिट गेलं. मिनिट गेलं. लेकीनं तिचे पाय धरून पट काढला आणि दोन गुण घेतले. पाटणच्या पोरीनं तिला मागं नेऊन रेघेबाहेर ढकललं. असं पूर्ण सहा मिनिटं चाललं. शेवटच्या क्षणापर्यंत चार-चार होते. मग लेकीचा पाय पुन्हा रेघेबाहेर गेला आणि एक गुण गेला. पाच-चार.

संघात एका गटातून एकच जाते. लेक गेली नाही. त्रेपन्नात जी निवडली गेली, तिला लेकीनं कॉलेजच्या कुस्त्यांत दोनदा हरवलेलं होतं. बूट काढता काढता ती तेच म्हणाली, "त्रेपन्न माझंच होतं."

"काट्यावर चढली असतीस," आबा म्हणाले. "मॅटवर कोन चढलं असतं?"

तिनं बुटाची नाडी इतक्या जोरानं ओढली की तुटली.

तेवढ्यात ती पाटणची पोरगी ओल्या केसांनीच आली. आबांच्या पाया पडली आणि लेकीला म्हणाली, "पुढच्या वर्षी कुठल्या गटात?"

"का?"

"त्रेपन्नात जाणार असलीस तर सांग. मग मी निवांत झोपते."

"झोपू नकोस," लेक म्हणाली.

परतताना कऱ्हाडच्या पुढं लेकीनं माझ्या पिशवीतून टॅब काढला. मला वाटलं, त्रेपन्नचा पट्टा पुन्हा मागणार. तिनं नवा पैलवान बनवायला घेतला. उंची घातली. चमकीची सोय खेळात नव्हती, त्यावरून थोडी कुरकुरली. मग टॅब माझ्याकडे दिला. "वजन तू घाल. मला त्या आकड्यांचा कंटाळा आलाय."

मी छप्पन्न नऊ घालणार होते. वजनाच्या कागदावर तेच होतं. पण खेळात अपूर्णांक चालत नाही.

"आबा," मी पुढं विचारलं, "ती पाटणची किती?"

आबांनी मान वळवली नाही. "कवाची? काट्यावरची का मॅटवरची?"

"मॅटवरची."

"अठ्ठावन. सकाळी काट्यावर चढून आली, मंग पोटभर जेवून पानी पेली."

"अठ्ठावन्न घातलं तर ती सत्तावन्नच्या पट्ट्याला बाद होईल."

"मंग तुजी रेघ चुकलीया. रेघ हलीव."

मी अठ्ठावन्न घातलं, काही वजा न करता. मग सत्तावन्नच्या पट्ट्याची वरची मर्यादा एका किलोनं वर सरकवली. लेक खांद्यावरून बघत होती. तिनं हात पुढं करून स्वतःचं चित्र त्या मुलीच्या समोर ओढून ठेवलं.

"लाव," ती म्हणाली.